जाड गोळी, बारीक चूक

पुण्याच्या वारज्यात माळवाडीच्या बाजूला ज्यांची जुनी घरं आहेत, त्यांच्यापैकी कुणाकडे लायसनची बंदूक निघाली तर नवल वाटत नाही. शेती होती तेव्हा रानडुकरासाठी बाराबोर होती. पुढे शेताचे प्लॉट झाले, बाराबोर भिंतीवरून कपाटात गेली आणि तिच्या जोडीला .३२ची रिव्हॉल्वर आली. खाली ज्यांचं बोलणं दिलं आहे ते मामा अशाच घरातले. व्यवहार मुलांवर सोपवून मोकळे झाले आणि आता नेमबाजीच्या नादी लागलेत. भाची बालेवाडीच्या रेंजवर २५ मीटर पिस्तूल मारते. दोघंही प्रातिनिधिक आहेत, वाद मात्र खरा आहे : निशाणा लावायला मोठ्या कॅलिबरची रिव्हॉल्वर घ्यावी का?

मामा : एक आधीच सांगतो, मला मिरवायचं नाही. कमरेला लावून वऱ्हाडात फिरणारे पुष्कळ बघितले. मला कागदावर भोकं पाडायचीत, आणि ती एकमेकांना चिकटून पाडायचीत. त्याला हत्यार कसं लागतं? वजनाला भरीव, नळी लांब, मूठ हातात बसणारी. सहा इंची नळीची .३५७ मॅग्नम. जुनी परदेशी आहे, एक जण विकतोय. एकदा धरून बघ, मग बोल.

भाची : धरायच्या आधी कपाट उघडून बघा. आजोबांची बाराबोर आणि तुमची .३२, झाली दोन. २०१९ साली शस्त्र कायदा बदलला. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोनच. वारशानं आलेलीही त्यातच मोजतात. म्हणजे .३५७ आणायची तर एक द्यावी लागणार. बाराबोर देता?

मामा : बाराबोर या घरातनं जाणार नाही. पण खेळाडूंना सूट आहे म्हणतात.

भाची : आहे, पण ती मिळवावी लागते. २०२०च्या अधिसूचनेनं नामवंत नेमबाजांना बारा हत्यारांपर्यंत मुभा दिली. ‘नामवंत’ ही पदवी गल्लीतला फ्लेक्स लावून मिळत नाही, राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले गुण मारावे लागतात. आणि राष्ट्रीयला पोचायची वाट मावळणकर स्पर्धेतून जाते.

मामा : मावळणकर म्हणजे आपले दादासाहेब? लोकसभेचे पहिले सभापती?

भाची : तेच. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष ते होते. म्हणून पात्रता स्पर्धेला त्यांचं नाव.

मामा : बरं, कायद्याचंच बोलायचं तर माझं निम्मं काम कायद्यानंच केलंय. मी .४५ मागितली नाही. .३५७ मागितली, कारण ती सामान्य माणसाला लायसनवर चालते.

भाची : चालते, पण का चालते ते बघा. कायद्यानं गोळीच्या जाडीवर बोट ठेवलेलं नाही, सरकारी काडतुसावर ठेवलंय. फौजेची किंवा पोलिसांची .३८०, .४५५, ९ मिलिमीटर किंवा .४५ची काडतुसं ज्यात बसून उडतील ती पिस्तुलं आणि रिव्हॉल्वर सामान्यांना बंद. हा इंग्रजांच्या वेळचा हिशेब आहे. शिपायाची पेटी लुटली तरी ते काडतूस रयतेच्या हत्यारात चालू नये, एवढाच अर्थ. .३५७ त्या यादीत नाही, .३२ही नाही. म्हणून आपल्याकडे घरोघर .३२ दिसते आणि जुन्या .३५७ला सोन्याचा भाव येतो. तो भाव टंचाईचा आहे, मामा. त्यातून नेम विकत मिळत नाही.

मामा : भावाचं मी बघतो. तू मला हे सांग, माझ्या .३२नं कागदावर काय दिवे लावायचे? कानपूरची आहे, ठणठणीत आहे, पण नळी तीन इंचाची. मागची साइट म्हणजे वरच्या पट्टीत कोरलेली खाच. डावी-उजवी होत नाही, वर-खाली होत नाही. गोळी सारखी चार बोटं डावीकडे गेली तर मी काय करायचं, डोळा सरकवायचा? ही खिशातली वस्तू आहे. परदेशी सहा इंचीला साइट स्क्रूनं फिरते.

भाची : हे मात्र शंभर टक्के बरोबर. तुमची .३२ निशाण्यासाठी बनलेलीच नाही. हिशेबानंच सांगते. फ्रंट आणि रिअर साइटमध्ये १५० मिलिमीटर अंतर असेल आणि दोन्हींची रेघ ०.१५ मिलिमीटरनं चुकली, तर २५ मीटरवर गोळी २५ मिलिमीटर सरकते. आमच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे कागदाच्या जाडीएवढी चूक झाली की मधोमध जाणारी गोळी दहाच्या काठावर. तेच अंतर २२० मिलिमीटर केलं तर तेवढ्याच चुकीला गोळी १७ मिलिमीटरच सरकते. तीन इंची नळीवर साइटमधलं अंतर आणखी कमी, म्हणजे चूक आणखी मोठी.

मामा : मग झालं तर! लांब नळी म्हणजे .३५७.

भाची : लांब नळी हवी हे खरं. पण लांब नळीसोबत जाड गोळी कशाला हवी? दोन गोष्टींची गाठ तुम्ही मारलीत. जगात सेंटर फायर पिस्तुलाची स्पर्धा होते, तिच्यात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचं कुठलंही कॅलिबर चालतं, म्हणजे .३० ते .३८. एवढी मोकळीक असून इटली-जर्मनीच्या नावाजलेल्या टार्गेट पिस्तुलांचं काडतूस कोणतं? .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. तुमच्या कानपूरच्या रिव्हॉल्वरमध्ये बसतं तेच. फरक गोळीच्या तोंडात. त्यांची गोळी पुढून सपाट असते, वॉडकटर म्हणतात. पंच मारल्यासारखं कागदात गोल भोक पाडते.

मामा : भोकाचंच घे. गोळी जाड तर भोक जाड. भोक जाड तर वरच्या वर्तुळाच्या रेघेला शिवायची शक्यता जास्त. एक-दोन गुण असेच पदरात पडतात की नाही?

भाची : सेंटर फायरमध्ये नाही पडत. संशयाचं भोक मोजायला गेज लावतात, आणि ते गेज सगळ्यांना एकच, ९.६५ मिलिमीटरचं. .३२नं मारा नाहीतर .३८नं, भोक ९.६५चं धरून गुण देतात. जाड गोळीचा फायदा नियमानंच काढून घेतलाय. शिवाय मॅग्नम जातीचं काडतूस त्या स्पर्धेत चालतच नाही. हत्याराचं वजन १४०० ग्रॅमच्या आत, नळी १५३ मिलिमीटरच्या आत, चाप किमान १००० ग्रॅमचा. आणि हे सगळं एका हातात, हात सरळ, मनगटाला आधार नाही.

मामा : एका हातात? मी तर दोन हातांनी धरणार होतो.

भाची : घरी धरा. स्पर्धेत ६० गोळ्या एका हातानं. पहिल्या ३० सावकाश, पाच मिनिटांत पाच. पुढच्या ३० ड्युएलिंगच्या : टार्गेट तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात हात खालून वर आणून एक गोळी; मग सात सेकंद गायब. आता या ६० गोळ्या मॅग्नमनं मारायची कल्पना करा.

मामा : जड हत्यार झटका खातं. वजन असतं कशाला?

भाची : खातं, पण पोट भरल्यावर उरलेला तुम्हालाच देतं. .३२ वॉडकटरची गोळी साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे २३० मीटर. .३५७ची गोळी दहा ग्रॅमच्या वर, वेग ३८० मीटरच्या आसपास, आणि मागून निघणाऱ्या वायूचा रेटा वेगळा. गोळीचं वजन गुणिले वेग केलं तर .३५७चा आकडा अडीच पटीच्या पुढे जातो. तुमची .३२ पाऊण किलोच्या आतली, ती .३५७ सव्वा किलोची. वजन पावणेदोन पट वाढलं, धक्का अडीच पटीहून जास्त. शिवाय हाताला जी ऊर्जा लागते ती वेगाच्या वर्गानं वाढते. सगळं धरून सव्वा किलोची मॅग्नम तुमच्या हलक्या .३२च्या चौपट लाथ मारते.

मामा : लाथ बसते ती गोळी गेल्यावर. गोळी नळीतनं बाहेर पडायला लागतात एक-दोन मिलिसेकंद. नेम तेव्हा होऊन गेलेला असतो. मग लाथेनं कागदावर काय फरक पडतो?

भाची : पहिल्या गोळीला काही नाही. फरक पडतो दुसरीला, कारण तोवर हाताला कळलेलं असतं काय होणार आहे. चाप सुटायच्या आधीच मनगट आवळतं, नळी खाली दबते. याला फ्लिंच म्हणतात. आणि माणसाला वाटतं, साइट बिघडली.

मामा : माझं मनगट आवळत नाही. बैल आवरलेत या हातांनी.

भाची : तपासायची सोपी रीत आहे, आणि ती रिव्हॉल्वरवर जितकी छान होते तितकी दुसऱ्या कशावर होत नाही. रेंजवर, आमच्या कोचसमोर, सिलिंडर उघडायचं. सहा घरं. तीनमध्ये जिवंत काडतुसं, तीनमध्ये उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या, पण हे भरणार मी. तुम्ही तोंड फिरवून उभे. सिलिंडर फिरवून बंद करून मी हत्यार तुमच्या हातात देणार. कुठल्या घराला काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. नेम धरा, चाप ओढा. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला की फक्त खट्, ना आवाज ना धूर. त्या वेळी नळी जागच्या जागी राहिली तर तुम्ही जिंकलात. नळीनं बुडी मारली तर ती गोळीनं मारलेली नाही, तुम्ही मारलीय. आणि हे मागे उभं राहिलेल्या सगळ्यांना दिसतं.

मामा : म्हणजे चार लोकांसमोर इज्जत.

भाची : माझी गेलेली आहे. .२२ वरून .३२वर आले तेव्हा पहिल्या रिकाम्या घराला नळी सरळ टेबलाकडे गेली. पुढे बरेच दिवस भरलेल्या गोळ्यांपेक्षा रिकाम्याच जास्त ओढल्या.

मामा : हे बघ, तुझं सगळं पदकाच्या हिशेबानं चाललंय. तुमच्या खेळात हत्यार म्हणजे प्रयोगशाळेतलं यंत्र झालंय. मला त्या रिव्हॉल्वरची घडण आवडते. सिलिंडर बाजूला पडतं, सहा घरं डोळ्यांना दिसतात, भरलेली की रिकामी यात लपवाछपवी नाही. घोडा अंगठ्यानं मागे घेतला की चाप इतका हलका, इतका स्वच्छ सुटतो की कुठे फरफट नाही. आणि तुझ्या ऑलिंपिकची सुरुवातच या हत्यारानं झालीय. १८९६ला अथेन्सला अमेरिकेचे पेन बंधू रिव्हॉल्वर घेऊन गेले आणि दोघांनी एकेक स्पर्धा जिंकली. माणसानं आनंदासाठी काही करायचंच नाही का?

भाची : करायचं. आणि चापाचं म्हणता ते खरंच आहे, सावकाश मारायला घोडा चढवलेल्या रिव्हॉल्वरसारखा चाप क्वचित मिळतो. पण १८९६ला राहू नका. आज ऑलिंपिकमध्ये रायफल-पिस्तुलाची सर्वांत जाड गोळी ५.६ मिलिमीटरची, म्हणजे .२२. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं ते त्याच .२२च्या रायफलवर. राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं तेही .२२च्याच पिस्तुलावर.

मामा : ती झाली पोराटोरांची .२२. सेंटर फायरमध्ये आपलं कुणी आहे का?

भाची : आहेत की. मुंबईचे अशोक पंडित. १९९०च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला वेटलिफ्टिंगबाहेर एकच सुवर्ण मिळालं, ते त्यांचं, सेंटर फायर पिस्तुलात. पुढे २००६ला दोहाच्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणानं ६००पैकी ५९० मारून तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. साठ गोळ्यांत फक्त दहा गुण गेले. त्यात मॅग्नमचा वाटा शून्य, कारण ती चालतच नाही.

मामा : ठीक. पण एक तोड तू सांगितली नाहीस. हत्यार मोठं घ्यायचं आणि काडतूस हलकं वापरायचं. सव्वा किलोच्या .३५७मध्ये अर्ध्या दमाची गोळी. वजन मॅग्नमचं, लाथ .३२ची. आता बोल.

भाची : हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा. बाहेरच्या देशांत लोक नेमकं हेच करतात, .३५७च्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशलचं सौम्य काडतूस घालतात. गोळीचा व्यास तोच, पुंगळी आखूड. अमेरिकेत मी तुम्हाला तेच घ्यायला सांगितलं असतं. पण आपल्याकडे ते सौम्य काडतूस आणणार कुठून? घरी भरायचं म्हटलं तर कायद्याच्या नजरेत तो दारूगोळा बनवणंच झालं, त्याला वेगळा परवाना. परवान्यावर एका वेळी किती काडतुसं आणि वर्षाला किती, हे आकडे लिहिलेले असतात. स्वसंरक्षणाच्या लायसनवरचा आकडा एका स्पर्धेला आणि तिच्या सरावाला पुरेल असा नसतो. .३५७ची काडतुसं दुकानात कधी आहेत, कधी नाहीत. मिळाली की किंमत ऐकून चाप ओढायची इच्छा जाते. आणि .३२? जरा ती पुंगळी बघा बुडाकडून.

मामा : ‘के एफ’.

भाची : खडकीची फॅक्टरी. १८६९पासूनची, आपल्याच गावातली. शहरातच बनणारं काडतूस सोडून परदेशी काडतुसाच्या वाटेकडे डोळे लावून बसणार? नेमबाजी गोळ्या झाडून येते. ज्या हत्याराची गोळी वाचवून ठेवावीशी वाटते, त्यावर नेम बसत नाही.

मामा : आणि रेंज? बालेवाडीला मारू देतील ना?

भाची : ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रत्येक रेंजवर कुठलं कॅलिबर चालतं ते ठरलेलं असतं, गोळी अडवणाऱ्या मागच्या भिंतीच्या ताकदीवर. चांदणी चौकातनं गाडी काढून तिथवर जायचं आणि दारातनं परत यायचं, असं नको. आणि कानांचं काय? मॅग्नमला आत बोळे आणि वर मफ, दोन्ही लागतात. तुमच्या घराला आधीच हायवे चिकटलेला.

मामा : कानाचं राहू दे, मला ऐकायचं नसतं तेच ऐकू येत नाही. पण अजून काही असेल तर सांग. मॅग्नम हातात घेतलीच तर काय सांभाळायचं?

भाची : सिलिंडर आणि नळीमध्ये बारीक फट असते. गोळी सुटली की तिथनं तापलेला वायू आणि शिशाचे कण आडवे उडतात. दोन हातांनी धरताना आधाराचा अंगठा किंवा बोट त्या फटीशेजारी गेलं तर भाजतं, कापतंसुद्धा. बोटं कायम सिलिंडरच्या मागे. चष्मा हवाच, शेजारच्यालाही. आणि मारून झाल्यावर हात धुतल्याशिवाय वडापावाला हात लावायचा नाही, शिसं पोटात जातं.

मामा : मग तुझा निकाल काय? निशाणा सोडून भजनाला बसू?

भाची : निकाल असा. आधी दहा मीटर एअर पिस्तूल. २० ज्यूलच्या आतल्या .१७७च्या एअर पिस्तुलाला लायसन लागत नाही, झटका जवळपास नाही, छर्ऱ्याचा खर्च नगण्य. तुमचा चाप सुधारेल तो तिथे. मग क्लबाच्या .२२वर २५ मीटर. त्यानंतर .३२, पण लांब नळीचं, फिरत्या साइटचं.

मामा : आणि मोठं कॅलिबर कधीच नाही. सरळ म्हण ना.

भाची : तसं नाही म्हणत. अट एकच. तुमच्या .३२वर तो रिकाम्या पुंगळ्यांचा खेळ करायचा. एकाही रिकाम्या घराला नळी हलली नाही, तर वरचं कॅलिबर मागायचा तुम्हाला हक्क. मग क्लबात कुणाची .३५७ असेल, रेंजची परवानगी असेल, तर कोचसमोर तिच्यावर तोच खेळ. तिथेही नळी हलली नाही तर मीच तुमच्या बाजूनं मामीशी भांडेन.

मामा : आणि हलली तर?

भाची : तर ती गोळी तुमच्यापेक्षा मोठी आहे. उद्या लहान होईलही, सरावानं. पण विकत घेऊन नाही होत.

मामा : पटलं नाही पूर्ण. आनंदाचं मी म्हटलं ते खोडलं नाहीस तू.

भाची : खोडणार नाहीच. दहातल्या दहा गोळ्या कुठे गेल्या हे न कळणाऱ्या माणसाला .३५७ दोन रविवार आनंद देते आणि मग कपाटात जाते, बाराबोरशेजारी. ती तिथे जाऊ नये म्हणूनच सांगतेय.

मामा : समज, नळी हलली नाही. मग दोनाच्या नियमाचं काय? बाराबोर राहणार.

भाची : मग .३२ देऊन टाकायची.

मामा : देईन. नाहीतरी तिनं आजवर कुणाचं संरक्षण केलं? दर निवडणुकीला चौकीत जमा करायची आणि परत आणायची, एवढाच तिचा प्रवास.

भाची : बघा, म्हणजे स्वसंरक्षणाचं हत्यार सोडून निशाण्याचं घ्यायची तुमची तयारी आहे. मग पोलीस आयुक्तालयातल्या अर्जात कारणाच्या रकान्यात सरळ ‘नेमबाजी’ लिहा आणि सोबत क्लबाच्या सदस्यत्वाचा कागद जोडा. आहे का सदस्यत्व?

मामा : नाही.

भाची : मग त्या विकणाऱ्याला फोन नंतर. रविवारी आधी क्लबाचा फॉर्म.